पाठीचं पथ्य

माझ्या पाठीत मानेच्या खालपासून कंबरेपर्यंत दोन सळया आहेत. हे मी कुणालाही बिनधास्त सांगते. शाळेत खडू खाली पडला की मला वाकून उचलता येत नाही, गुडघे दुमडून खाली बसावं लागतं. नवीन आलेल्या बाई ते बघतात, विचारतात, मी सांगते. त्या 'बापरे' म्हणतात आणि मला बरं वाटतं. पण त्या पाठीपायी लग्नानंतरची पहिली काही वर्षं आमच्या खोलीत काय झालं, खरं म्हणजे काय झालं नाही, ते मी कुणाजवळ बोललेले नाही. आत्ता लिहितानाही माझे कान तापलेत.

पाठ वाकडी आहे हे मी नववीत असताना आईच्या लक्षात आलं. माझ्या युनिफॉर्मचा कुर्ता एका बाजूनं सारखा वर चढायचा. आईनं आधी शिंप्याला धारेवर धरलं, कुर्ता उसवून परत शिवून घेतला, आणि तरीही तो चढतोय म्हटल्यावर मला आरशासमोर उभं केलं. शिंप्याचं काहीच चुकलं नव्हतं. एक्स-रेमध्ये माझा कणा घाटातल्या रस्त्यासारखा दिसत होता. बारावीची परीक्षा झाली आणि ऑपरेशन झालं. पुन्हा उभी राहिले तेव्हा मी दोन बोटं उंच झाले होते आणि पाठीवर वरपासून खालपर्यंत एक शिवण आली होती. शिवणीच्या दोन्ही बाजूंची कातडी बधिर झाली, ती आजही बधिरच आहे. उजव्या खांद्याखालचा उंचवटा कमी झाला, पण गेला नाही.

बाबा नोकरीच्या निमित्तानं पुण्याहून इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात आले आणि इथलेच झाले. भोपाळमध्ये एवढी वर्षं काढूनही आमच्या घरातली मराठी साजूक तुपातलीच राहिली. त्या साजूक मराठीत पोटाच्या खालच्या कुठल्याही गोष्टीला नाव नव्हतं. पाळीला 'अडचण' म्हणायचं. बाकीच्याबद्दल बोलायचंच नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा आई-बाबा मला घेऊन सर्जनकडे गेले. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, सगळं उत्तम आहे म्हणाले, बाबांचं अभिनंदन केलं आणि विचारलं, "और कुछ पूछना है?" आईनं मांडीवरची पर्स घट्ट धरली. तिला काहीतरी विचारायचं होतं हे मला दिसत होतं, आणि काय विचारायचं होतं तेही कळत होतं. मलाही त्याच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. पण बाबा शेजारीच बसले होते. "नहीं, बस," आई म्हणाली, आणि आम्ही खाली कँटीनमध्ये समोसे खाऊन घरी आलो.

सासर भोपाळमधल्याच सोनागिरीत. माणसं मूळची उज्जैनची, पिढ्यानपिढ्या इकडचीच, मराठी बोलतात ती निम्मी हिंदीत. स्वभावानं मात्र लाख. ऑपरेशनचं आम्ही काही लपवलं नव्हतं. मुलगा बघायला आला तेव्हा मी स्वतःच विषय काढला, तर तो म्हणाला, "त्यात काय, माझ्या पायात पण एक रॉड आहे. स्कूटरवरून पडलो होतो." मला तो तिथल्या तिथे आवडला.

लग्न लागलं, घरात आले, आमच्या खोलीत पाऊल टाकलं, तर खिडकीपाशी एक नवाकोरा सागाचा तखत मांडलेला, नुसत्या फळ्यांचा, बिनगादीचा. समोरच्या भिंतीला नवऱ्याचा गादीचा पलंग, आणि दोन्हींच्या मधे आरामात झाडू फिरवता येईल एवढी जागा. सासूबाई मोठ्या कौतुकानं म्हणाल्या, "तुझ्या आईनं सांगितलं ना, पाठीला खूप जपायचं. नरम गादी तर बिल्कुल नाही. म्हणून मी खास तुझ्यासाठी बनवून घेतला. हात लावून तर बघ, किती मजबूत आहे!" मागोमाग आलेल्या आत्या, मामी, चुलत नणंदा, सगळ्यांनी तखतावर हात दाबून बघितला. एक मामी तर त्यावर बसूनच बघू लागल्या. मी मान खाली घालून उभी होते. नव्या नवरीनं असंच उभं राहायचं असतं, त्यामुळे कुणाला वेगळं काही वाटलं नाही.

माहेरी मी गादीवरच झोपत होते. पण ते सांगायला माझी जीभ रेटेना. इतक्या हौसेनं केलेल्या वस्तूला नको कसं म्हणायचं, हे एक. आणि नवरी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणते की मला नवऱ्याच्या गादीवर झोपायचंय, हे ऐकायला कसं वाटेल, हे दुसरं. खरं कारण हे दुसरं होतं.

मग तो त्याच्या पलंगावर आणि मी माझ्या तखतावर, असं सुरू झालं. तो गप्पा छान मारायचा. बँकेतल्या साहेबाची नक्कल करून मला हसवायचा. आणि मग "नीट झोप, पाठ सांभाळ" म्हणून दिवा मालवायचा. मैत्रिणींना मी हे वाक्य सांगितलं तर त्या म्हणाल्या, किती काळजी करतो गं तुझी!

अगदीच काही झालं नाही असं नाही. एकदा तो तखताच्या कडेला येऊन बसला. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला होता, बराच वेळ ठेवला होता म्हणे, आणि मला ते कळलंच नाही. तिथली कातडी बधिर. मी आपली शाळेतल्या भांडणाची गोष्ट रंगवून सांगत राहिले. त्यानं हात काढून घेतला आणि विचारलं, "आवडत नाही का?" मी म्हटलं, "काय?" तो उठून दिवा मालवायला गेला. पुढे आणखी एकदा आम्ही त्याच्याही पलीकडे गेलो, त्याच सागवानी फळीवर. कडक लाकडावर माझी पाठ अशी काही दबली की मी कळवळून ओरडले. तो चटका बसल्यासारखा बाजूला झाला. "चुकलं माझं," म्हणाला, "मी हे करायलाच नको होतं." आणि आपल्या पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

त्या वाक्याचा अर्थ मी माझ्या परीनं लावला. त्यानं माझी उघडी पाठ बघितली होती. ती शिवण, तो उंचवटा, एकीकडे आत गेलेली आणि दुसरीकडे सपाट अशी कंबर. त्याला किळस आली असणार, आणि चांगल्या घरातला मुलगा म्हणून तो बोलत नसणार. तेव्हापासून मी बाथरूममधून पूर्ण कपडे घालूनच बाहेर येऊ लागले. भोपाळच्या मे महिन्यात गळाबंद कुर्ते घालायला लागले आणि कुणी विचारलं तर ऊन बाधतं म्हणून सांगायला लागले. नवऱ्यासमोरून जाताना पाठ भिंतीकडे करून जायचे. आपल्याच घरात चोरासारखी.

बाहेर आणखी वेगळीच तऱ्हा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे आसपासच्या सगळ्या मराठी बायका यायच्या. कुणीतरी वाण हातात घेता घेता विचारायचंच, गोड बातमी कधी? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणायच्या, "नाही हो, तिच्या पाठीचं पथ्य आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं आहे." मला वाटायचं, सुनेची लाज राखायला बिचाऱ्या थाप मारतायत. मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानायचे. बायका माझ्याकडे बघून मान हलवायच्या आणि माझ्या हातावर तिळगूळ जरा जास्तच ठेवायच्या. त्या जास्तीच्या तिळगुळानं मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि मी शाळेत शिकवते काय, तर विज्ञान. दहावीला प्रजननाचा धडा आहे. बाकीच्या बाई तो 'घरी वाचून या' म्हणून सोडून देतात. मी फळ्यावर मोठाल्या आकृत्या काढून, खणखणीत आवाजात शिकवायचे. मुली वहीत डोकं खुपसायच्या, तर मी त्यांना दटावायचे, शरीराची कसली आलीय लाज? घंटा झाली की फळा पुसायचा आणि घरी येऊन तखतावर झोपायचं. त्या वर्गातला माझा तो आवाज आठवला की आज अंगावर काटा येतो.

शेवटी सासूबाईंनीच विषय काढला. मी डबा भरत होते. त्या म्हणाल्या, "बेटा, तू बुरा नको मानू. एकदा त्या तुझ्या डॉक्टरला विचारून घेऊ, की मूल चालेल की नाही. नाही चालत असेल तर गोद घेऊ. माझी काही तक्रार नाही." मी हो म्हटलं. मूल व्हायला आधी जे लागतं त्याचं काय, हे त्यांना कोणत्या तोंडानं विचारणार?

त्याच सर्जनकडे आम्ही तिघं गेलो. सासूबाई, नवरा आणि मी. डॉक्टर आता चांगलेच पिकले होते, पण आवाज तसाच मोठा. मूल म्हटल्यावर ते हसले. "बच्चा? क्यों नहीं! डिलीवरी के वक़्त बेहोशी वाले डॉक्टर को पहले से बता देना कि रॉड है, बस." सासूबाईंनी तिथेच हात जोडले. आता उठायचं, एवढ्यात माझा नवरा बोलला. त्याचे कान लाल झाले होते आणि तो टेबलावरच्या प्लास्टिकच्या कण्याकडे बघत होता.

"सर, तो वो जो परहेज़ था, वो अब ख़त्म समझें?"

"कौन-सा परहेज़?"

"वही... पति-पत्नी वाला. शादी के टाइम आपने मना किया था ना."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मैंने? मैं क्यों मना करूँगा, भाई? ऐसा तो हम किसी को नहीं कहते." त्यांनी आळीपाळीनं आम्हा तिघांकडे बघितलं आणि त्यांच्या ध्यानात सगळं आलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी जे समजावायला घेतलं ते काही राखून ठेवलं नाही. कुशीवर झोपून कसं, गुडघ्यांखाली उशी कशी, कडक फळीवर कधीही नाही, दुखलं तर थांबायचं आणि दुसऱ्या तऱ्हेनं बघायचं, कोरडेपणा वाटला तर मेडिकलमध्ये जेल मिळतं. सगळं स्वच्छ हिंदीत, वर्गात शिकवावं तसं. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. सासूबाईंनी टेबलावरचा तो प्लास्टिकचा कणा मांडीवर घेतला होता आणि त्या त्याचे मणके अशा निरखून बघत होत्या जणू बाजारात भेंडी निवडतायत.

घरी निघालो. सिग्नल हिरवा झाला तरी नवरा गाडी काढेना, मागचे हॉर्न वाजवायला लागले. मग मागच्या सीटवरून सासूबाईंचा रडवेला आवाज आला. "मला तुझ्या आईनं सांगितलं होतं. शपथेवर सांगते. लग्नाच्या आधी फोन आला होता त्यांचा. म्हणाल्या, डॉक्टरांनी बंदी घातलीय, तुम्ही मुलाला तुमच्या पद्धतीनं समजावा. मी माझ्या पोराला माझ्या तोंडानं हे कसं सांगितलं, माझं मला माहीत."

मी पुढच्या काचेतून बाहेर बघत राहिले. शेजारी बसलेला हा माणूस इतकी वर्षं मला जपत होता, आणि मी त्याच्या मनात किळस आहे असं धरून चालले होते. मला त्याच्याकडे मान वळवून बघवेना.

घरी आल्यावर खोलीत मी त्याला विचारलं, "तू मला एकदाही का नाही विचारलंस?"

"तुला माहीत असेलच असं वाटलं. तुझीच तर पाठ आहे. वरून विचारलं तर तुला वाटलं असतं, मी मागे लागलोय." मग म्हणाला, "आणि तू?"

"मला वाटलं, तुला माझी पाठ बघवत नाही."

मग उठून त्यानं दार लावलं, भरदिवसा, बाहेर सासूबाई मेथी निवडत बसलेल्या असताना. म्हणाला, "दाखव." मी त्याच्याकडे पाठ करून कुर्ता वर केला. त्यानं शिवणीच्या कडेकडेनं बोट न्यायला सुरुवात केली. "इथे कळतं?" "नाही." "इथे?" "नाही." "आणि इथे?" "हो." असं करत करत त्यानं माझी सगळी पाठ पालथी घातली. मी रडत होते आणि मेथी निवडण्याचा आवाज थांबलाय हेही मला ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी तखत व्हरांड्यात गेला. शेजारच्या भाभींनी लगेच विचारलं, "अरे, ये बाहर कैसे?" सासूबाईंनी ठसक्यात सांगितलं, "बडियाँ सुखाने के लिए." सांडगे वाळवायच्या त्या कारणानं भाभींचं समाधान झालं असेल असं मला वाटत नाही.

त्यानंतर सगळं गोड झालं असं मात्र नाही. इतकी वर्षं जे अंग चोरत आले, ते डॉक्टर बोलले म्हणून एका दिवसात मोकळं होत नाही. कधी दुखायचं, कधी मधेच मला त्या मामी तखतावर बसलेल्या आठवायच्या आणि सगळं मुसळ केरात जायचं. जेल आणायला नवरा पार अयोध्या नगरला जायचा, कारण सोनागिरीतला मेडिकलवाला त्याच्या वडिलांच्या ओळखीचा. एकदा तो घाबरून खोकल्याचं औषध घेऊन परत आला आणि आम्ही हसून हसून बेजार झालो. मी एका बाईडॉक्टरकडेही गेले. पहिल्या खेपेला पाळीची तक्रार सांगून आले, दुसऱ्या खेपेला खरं बोलले. आता आम्हाला विचारता येतं. दुखतंय का, हवंय का, नकोय का. कधी कधी नको असतं, आणि तेही म्हणता येतं.

आईचा हिशेब राहिला होता. महिनाभर मी तिच्याशी फोनवर तुटक बोलले आणि मग थंडीतल्या एका दुपारी शाहपुऱ्याला माहेरी गेले. वाटेत सगळी वाक्यं तयार करून ठेवली होती, एकेक धारदार. बाबा बाहेरच्या खोलीत बातम्या लावून बसले होते. आई स्वयंपाकघरात खाली ताट घेऊन मटार सोलत होती. मी तिच्यासमोर स्टुलावर बसले.

"डॉक्टरांनी बंदी घातलीय असं तू सासूबाईंना सांगितलंस?"

आईनं वर बघितलं नाही. "पाठीला जपायचं, एवढंच म्हटलं मी."

"आई, खोटं बोलू नकोस."

तिनं एक शेंग सोलली, मग आणखी एक. "विचारणार होते मी डॉक्टरांना. तुझे बाबा बसले होते शेजारी. कसं विचारायचं?"

"मग विचारलं नाही म्हणून गप्प बसायचंस. बंदी आहे हे मनानं कशाला सांगायचं? तुला माहितीये माझं काय झालं तिथे?" आणि मी बोलत सुटले. तखत, हळदीकुंकू, गळाबंद कुर्ते, नवऱ्याबद्दल मी काय काय समजले ते, डॉक्टरांसमोरची शोभा. पण आवाज माझा मलाच आवरावा लागत होता, कारण बाबा बाहेर होते. आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण मी आईशी कुजबुजत केलं.

मी थांबले तेव्हा तिचे हात ताटात तसेच पडलेले होते.

"मला वाटलं, तू तरी सुटलीस," ती म्हणाली.

"कशातून?"

"माझ्या वेळेला मी देवाजवळ दुखणं मागायचे. साधं नाही. डॉक्टर बंदी घालतील असं काहीतरी. कधी झालंच नाही मला काही, धडधाकट राहिले. तुला ते आयतं मिळालं होतं. म्हटलं, पोरीच्या मागचं तेवढं एक टळलं तर टळू दे."

मी बाबा बसले होते तिकडच्या दाराकडे बघितलं. तिला कळलं मी काय विचारणार आहे.

"ते चांगलेच आहेत. आवाजसुद्धा चढवला नाही कधी माझ्यावर. पण मला हवंय का, हे नाही विचारलं. मीही कधी नको म्हटलं नाही. असं म्हणता येतं हेच मला माहीत नव्हतं." तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "तुला ते हवं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं. खरंच नाही आलं."

माझी सगळी धारदार वाक्यं जागच्या जागी राहिली. मला माझीच लाज वाटली. दहावीच्या मुलींना फळ्यावर आकृत्या काढून दाखवणारी मी, आईलाही एक शरीर आहे आणि तिला नको वाटत असेल, हे मला या वयापर्यंत सुचलं नव्हतं. मी स्टुलावरून उतरून तिच्याजवळ खाली बसले. मी तिच्या हातावर हात ठेवला.

"चहा होतोय का गं?" बाबांनी बाहेरून विचारलं.

"हो, ठेवलाच," आई म्हणाली. तिनं चहा ठेवलेला नव्हता. माझ्या हाताखालून हात काढून घेऊन ती लगेच उठली.